वाणगांवचा तारपा आणि परदेशींचें अंत्यविधिगृह

मुंबईहून गुजरातेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, बोईसरच्या पुढें आणि डहाणूच्या अलीकडे, वाणगांव नांवाचें लहानसें स्थानक आहे. २०१३ सालीं लोकलगाड्या डहाणूपर्यंत जाऊं लागल्या, तेव्हांपासून हें गांव मुंबईकरांस पूर्वीपेक्षां जवळ झालें आहे. पश्चिमेस चिंचणीचा समुद्रकिनारा, पूर्वेस डोंगराकडे पसरत गेलेले वारल्यांचे पाडे, आणि मधल्या सपाटींत भाताचीं खाचरें व मिरचीच्या वाड्या, असें या मुलखाचें रूप आहे. सरकारनें १९९१ सालीं डहाणू तालुका निसर्गदृष्ट्या नाजूक ठरवून कारखान्यांवर निर्बंध घातले. त्यामुळें झाडी पुष्कळशी टिकून आहे. पण आज सांगावयाचें तें झाडीविषयीं नव्हे, तर या मुलखांतील एका वाद्याविषयीं.

भात पिकूं लागलें कीं रात्रीं पाड्यांवरून तारपा ऐकूं येतो. वाळविलेला दुधी भोपळा हें त्याचें पोट. त्यांत तोंडाच्या बाजूनें फुंकर शिरते. पलीकडे मेणानें बसविलेल्या दोन नळ्या असतात, त्यांच्या आंत कंप पावणाऱ्या जिभा, वर बोटांसाठीं छिद्रें, आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा. वाजविणारा नाकानें श्वास घेत असतांही गालांत सांठविलेली हवा सोडीत राहतो, म्हणून सूर खंडित होत नाहीं. त्याच्याभोंवतीं स्त्रीपुरुष एकमेकांस धरून वळत जातात. याच तालुक्यांतील गंजाडचे चित्रकार जीव्या सोमा मशे यांनीं हा नाच पांढऱ्या रेषांनीं जगभर पोंचविला. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली; २०१८ सालीं ते निवर्तले.

भरतमुनींनीं वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत. फुंकरीनें वाजणारें तें सुषिर. तारपा अर्थातच या कुळांतला. याच कुळांतलें पाश्चात्त्यांचें महावाद्य म्हणजे नळ्यांचा ऑर्गन. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील क्टेसिबियस नामक यंत्रज्ञानें पाण्याच्या दाबानें हवा एकसारखी ठेवून नळ्या वाजविण्याची युक्ति काढली. पुढें पाणी गेलें, भाता आला. आणि मठमंदिरांत या वाद्यानें आपलें स्थान पक्कें केलें. भोपळ्याच्या जागीं भाता आणि दोन नळ्यांच्या जागीं शेंकडों, एवढाच काय तो विस्तार! मूळ तत्त्व एकच: हवा सांठवावी, आणि बेतानें सोडावी.

या महावाद्याचें एक धाकटें भावंड अमेरिकेंत मृतांच्या सेवेस लागलें, त्याची हकीकत आम्हांस विचार करावयास लावणारी आहे. तेथें पूर्वीं मृताचें शव घरींच बैठकीच्या खोलींत ठेवीत. शेजारीपाजारी जमत आणि घरांतली पायपेटी वाजवून भजनें म्हणत. ब्रॅटलबरो गांवच्या एस्टे कंपनीनेंच अशा पांच लाखांहून अधिक पेट्या केल्या. आमच्या संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांच्या गायनामागें जो ऑर्गन वाजे, तो या पायपेटीचाच भाऊबंद. म्हणून हा प्रकार वाचकांस अगदींच परका वाटणार नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं शहरें वाढलीं, घरें आंखुडलीं आणि अंत्यविधि व्यावसायिकांच्या हातीं गेला. त्यांनीं त्यासाठीं स्वतंत्र गृहें बांधलीं व आंत प्रार्थनेचें दालन केलें. तेथें देवळाएवढें वाद्य मावेना, म्हणून तीनचार नळीमाळांचे लहान ऑर्गन बसविले गेले. एकच नळीमाळ वेगवेगळ्या सप्तकांत वापरून थोडक्या नळ्यांत मोठ्या वाद्याचा भास करीत. भाता विजेनें चाले. पुष्कळ ठिकाणीं नळ्या जाळीआड ठेवलेल्या असत. सूर यावा, पण त्याचें ठिकाण दिसूं नये. १९२७ नंतर बोलपट आले, चित्रपटगृहांतील ऑर्गन निरुपयोगी झाले, आणि त्यांतील कांहीं अशा गृहांत येऊन पोंचले.

पण १९३५ सालीं हॅमंड यांचा विजेवरील ऑर्गन निघाला. त्यास नळी नाहीं, वारा नाहीं, जागा थोडी आणि किंमतही कमी. त्यामागून ध्वनिमुद्रित फीत आली, आणि वादकाचीही गरज उरली नाहीं. पूर्वीं शेजारी स्वतः गात, मग पगारी वादक वाजवूं लागला, मग यंत्र. शोक तोच राहिला. त्यांतील मनुष्याचा श्वास मात्र एकेक पायरीनें कमी होत गेला. कित्येक नळ्या जाळीआड मुक्या झाल्या. त्यांच्या भात्यांचें कातडें वाळून फाटलें.

हा दोष यंत्रावर ढकलणें सोपें आहे. यंत्र स्वस्त व सोईचें होतें, आणि दुःखांत असलेल्या कुटुंबास सोय हवीच असते. परंतु ज्या विधींत आपला स्वतःचा कांहीं श्रम नाहीं, तो विधि हळूहळू दुसऱ्याचा होतो, हें त्या इतिहासाचें सार दिसतें.

वाणगांवच्या आसमंतांत याची पहिली पायरी दिसूं लागली आहे. लग्नसराईंत पाड्यांवरही ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात, आणि तारपा सरकारी समारंभांत पाहुण्यांच्या स्वागतापुरता उभा केला जातो. तारप्याचें एक मोठें भाग्य असें कीं तो जपून ठेवावा लागत नाहीं. भोपळा फुटला तर नवा भोपळा वेलावर येतो, नळी तडकली तर बांबू रानांत आहे. ऑर्गनचा भाता फाटला तर कारागीर शोधावा लागतो. तारप्यास फक्त शिकणारा मुलगा लागतो. वस्तुसंग्रहालयांत ठेवलेला तारपा त्या जाळीआडच्या नळ्यांइतकाच मुका होय.

म्हणून गृहस्थांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, दिवाळीच्या सुमारास मुलाबाळांसह इकडे आलांत तर चिकू आणि समुद्र पाहून परतूं नका. ओळखीच्या माणसाकडून परवानगी घेऊन एखाद्या पाड्यावर रात्रीं बसा. वादकास यथोचित मान द्या. आणि त्याच्यापाशीं त्याचा नातू शिकावयास बसतो कीं नाहीं, हें आवर्जून विचारा. त्या प्रश्नाच्या उत्तरावरच या वाद्याचें आयुष्य अवलंबून आहे.