डिस्कचा पॉइंटर, आपला पॉइंटर

मोतीबिंदूमुळे डिफमधल्या अधिक-उण्याच्या खुणा एकमेकींत मिसळायला लागल्या, तेव्हापासून भाची पॅच मोठ्यानं वाचून दाखवते. मुरबाडहून किन्हवलीमार्गे एसटीनं शहापूरला येते. यंदा आवणी उरकल्यावर आली आणि वाचता वाचता थांबली. "मामा, इथे पॉइंटर आधीच पुढे सरकवलाय. लिखाण अर्धंच झालं तर?"

त्या पॅचखाली माझा तपासल्याचा शेरा, 'रिव्ह्यूड-बाय', आधीच पडला होता.

झोनवाल्या डिस्कच्या ड्रायव्हरशी माझं सगळं भांडण या एका जागेवरून आहे. झोनमध्ये ओळीनंच लिहावं लागतं; पुढचं लिखाण कुठे, ते राइट पॉइंटर सांगतो. असे पॉइंटर दोन असतात, डिस्कचा खरा आणि लिनक्स कर्नलनं मनात धरलेला. चौसष्ट ब्लॉक पाठवले, विसावर डिस्क अडली, की कर्नल चव्वेचाळीस ब्लॉक पुढे जाऊन उभा. मग त्या झोनमधलं पुढचं प्रत्येक लिखाण परत येतं. डिस्ककडून झोनचा रिपोर्ट मागवून पॉइंटर जुळवायचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मागवायचा कुणी आणि केव्हा? एरर पाथमधूनच मागवला आणि तेवढ्यात क्यू गोठवलेली असली, तर रिपोर्ट क्यूची वाट बघतो आणि क्यू अडकलेल्या लिखाणाची. २०२४ मध्ये डेमियन ल मोआल यांचं झोन राइट प्लगिंग ६.१० कर्नलमध्ये आलं, शेड्यूलरमधली झोनची कुलपं गेली. फार देखणं काम. तरी हा कोपरा त्यातही नंतर पुन्हा उसवून शिवावा लागला.

हल्ली नल-ब्लॉकवर झोन काढून चाचण्या हिरव्या झाल्या की लोक मान डोलावतात. मेमरीतली ती डिस्क सांगितल्याशिवाय चुकत नाही. आषाढात शहापूरची वीज जाते, तेव्हा माझ्या खऱ्या, झोनवाल्या एसएमआर डिस्कच्या कॅशमधलं 'लिहिलं' म्हणून कळवलेलंही जातं. हा फरक ज्यानं सोसला नाही, त्याच्या शेऱ्यावर माझा विश्वास नाही.

आणि मी? मला 'एरर पाथवाला' म्हणतात, ते मला सुखावतं. त्या पॅचवर लेखकाचं नाव मोठं होतं, म्हणून मी वाचन सैल सोडलं. भाचीनं चूक दाखवली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की उत्तरात तिचं नाव नाही घातलं तरी चालेल. रात्रभर ते तसंच ठेवलं.

सकाळी शेरा मागे घेतला आणि चूक कुणाला दिसली ते लिहिलं. तिसऱ्या आवृत्तीवर 'रिव्ह्यूड-बाय' तिचं आहे. माझं मी अजून दिलेलं नाही.