कोट, काडी आणि दिलेला शब्द

मे महिन्यात, पुण्यात, भर दुपारी गुडघ्याखाली जाणारा काळा कोट घालून तुम्ही कधी फिरला आहात? मी फिरलोय. साल 2004. कोट जुन्या बाजारातून घेतलेला, तोंडात काडेपेटीतली काडी, डोळ्यांवर काळा गॉगल. डेक्कनला पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता आणि रिक्षावाल्यानं विचारलं होतं, "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

तो वेडेपणा माझ्या एकट्याचा नव्हता, हे मला नंतर कळलं. 1986 मध्ये हाँगकाँगच्या दमट उन्हाळ्यात तिथली पोरं अशाच कोटात फिरत होती. कारण एकच. चाऊ युन-फॅट नावाच्या नटानं 'अ बेटर टुमॉरो' या पिक्चरमध्ये तो कोट घातला होता, तोंडात ती काडी धरली होती आणि शंभर डॉलरची खोटी नोट पेटवून तिच्यावर सिगरेट शिलगावली होती. बस्स. त्यानंतर शहाणपणाची अपेक्षा करणंच चूक!

मला या नादाला लावलं माझ्या रूम पार्टनरनं. आम्ही एकाच कंपनीत, एकाच टीममध्ये. वन बीएचकेमध्ये चौघं, त्यात हॉलमध्ये आम्ही दोघं. तो सांगलीचा, माझ्यापेक्षा दीड वर्षानं सिनियर आणि बोलायला एकदम कमी. गल्लीतल्या सीडी लायब्ररीवाल्याशी त्याचं खास गूळपीठ होतं. दर शुक्रवारी रात्री तो हाँगकाँगची एक व्हीसीडी घेऊन यायचा. खाली इंग्रजी सबटायटल्स, तीही अशी की पात्र दोन मिनिटं बोलायचं आणि खाली नुसतं 'ओके' यायचं. भाषा कँटोनीज. आम्हाला ओ की ठो कळायचं नाही. तरी शनिवार उजाडेपर्यंत आम्ही ते पिक्चर बघायचो. अंडाबुर्जी, पाव आणि धडाधड गोळ्या!

वरवर बघितलं तर हा सगळा स्टाइलचाच मामला. हीरो दोन्ही हातांत पिस्तुलं धरतो, उडी मारतो, कॅमेरा स्लो होतो, मागे पांढरी कबुतरं उडतात. 1989 च्या 'द किलर'मध्ये तर क्लायमॅक्स चक्क चर्चमध्ये आहे. दिग्दर्शक जॉन वू. हॉलिवूडनं पुढे या माणसाला बोलावून घेतलं आणि 'फेस/ऑफ' करायला दिला, तो उगाच नाही.

पण नुसत्या स्टाइलवर माणूस दोन-तीन वर्षं शुक्रवार घालवत नाही. 'अ बेटर टुमॉरो'ची गोष्टच बघा ना.

हो आणि मार्क हे दोघं जिवलग दोस्त, खोट्या नोटांच्या धंद्यात मुरलेले. होचा धाकटा भाऊ किट पोलिसात भरती होणार, म्हणून होला धंदा सोडायचाय. एक शेवटचं काम म्हणून तो तैवानला जातो, सोबत शिंग नावाचा नवखा पोरगा. तिथे दगा होतो, पोलीस घेरतात. हो त्या पोराला पळायला सांगतो आणि स्वतः पोलिसांच्या हाती लागतो. तीन वर्षं तुरुंग. दोस्ताचा सूड घ्यायला मार्क एका हॉटेलात एकटा शिरतो. आत जाताना कॉरिडॉरमधल्या कुंड्यांत पिस्तुलं लपवत जातो, म्हणजे परतताना रीलोड करायची कटकट नको. काम फत्ते होतं, पण पायात गोळी बसते.

तीन वर्षांनी हो बाहेर येतो, तेव्हा मार्क पाय ओढत गाड्या पुसतोय आणि तिथेच बसून डबा खातोय. आणि शिंग? ज्याला वाचवलं, तो आता टोळीचा बॉस झालाय.

या सीनला पार्टनर दर वेळी पॉज करायचा. म्हणायचा, "बघ, खरा पिक्चर इथं सुरू होतो."

चिनी भाषेत 'यी' म्हणून एक शब्द आहे. न्याय, निष्ठा, दिल्या शब्दाची जाण, सगळं त्यात येतं. मराठीत आपण 'शब्दाला जागणं' म्हणतो, त्याच्या जवळचं काहीतरी. या 'यी'चं दैवत म्हणजे क्वान कुंग, तांबड्या चेहऱ्याचा, लांब दाढीचा प्राचीन सेनापती. गंमत अशी, की हाँगकाँगमध्ये या एकाच देवापुढे पोलीसही उदबत्ती लावतात आणि गुंडही! चोर-पोलीस दोघांचा देव एक म्हटल्यावर दोघांची गोष्टही एकच होणार.

जॉन वू स्वतः गरिबीतून आलेला. 1953 मध्ये हाँगकाँगच्या शेक किप मेई झोपडपट्टीला भीषण आग लागली, त्यात हजारो लोक रस्त्यावर आले. त्यात वूचं कुटुंबही होतं. त्याच्या शिक्षणाला मदत झाली ती चर्चकडून. म्हणून त्याच्या पिक्चरमध्ये क्रॉस आणि मेणबत्त्या येतात. पुढे तो तलवारबाजीच्या पिक्चरांचा उस्ताद चँग चेह याचा असिस्टंट होता. होचं काम करणारा टी लुंग हा त्याच चँग चेहच्या पिक्चरांचा जुना स्टार. म्हणजे बघा, जुन्या तलवारवाल्या वीराला वूनं सूट घातला आणि हातात पिस्तूल दिलं. धर्म तोच ठेवला.

आणि काळही तसाच होता. 1984 मध्ये ब्रिटन आणि चीनचा करार झाला. 1997 मध्ये हाँगकाँग चीनकडे जाणार हे ठरलं. आपल्या शहराचं आपल्याला न विचारताच ठरल्यावर माणूस काय करणार? पिक्चरमध्ये एका रात्री टेकडीवरून शहराचे दिवे बघत मार्क म्हणतो, की एवढं सुंदर आहे हे, पण फार टिकायचं नाही. थिएटरमधल्या लोकांना तो टोळीबद्दल बोलत नाहीये, हे बरोबर कळलं असणार. बाहेरचं काहीच आपल्या हातात नसलं, की दोस्ताला दिलेला शब्द तेवढा हातात उरतो.

हे रसायन आपल्याकडेही आलंच. संजय गुप्ताचा 1994 चा 'आतिश' आठवतोय? त्याचं मूळ 'अ बेटर टुमॉरो'मध्ये सापडतं. रिंगो लॅमच्या 1987 च्या 'सिटी ऑन फायर'वरून टॅरँटिनोनं 1992 मध्ये 'रिझर्व्हॉयर डॉग्ज'साठी बरंच काही उचललं आणि त्यावरून आपला 2002 चा 'काँटे' आला. हाँगकाँग ते मुंबई, व्हाया लॉस एंजेलिस!

पण आम्हा नोकरदारांना खरे भिडले ते नंतरचे पिक्चर. जॉनी टोचा 1999 चा 'द मिशन' घ्या. पाच बॉडीगार्ड, एक बॉस. उड्या नाहीत, कबुतरं नाहीत. मॉलमधल्या गोळीबारात पाचही जण खांबासारखे उभे, आपापली जागा सांभाळून. आणि एक सीन तर कहर! बॉसच्या केबिनबाहेर पाच जण ताटकळत बसलेत. एकजण कागदाचा बोळा पायानं सरकवतो. दुसरा परत करतो. न बोलता पाच खुनशी माणसं कागदाचा फुटबॉल खेळतात. अप्रायझलच्या दिवशी केबिनबाहेर बसलेल्या कुणालाही हा सीन समजावून सांगावा लागत नाही.

किंवा 2002 चा 'इन्फर्नल अफेअर्स'. टोनी ल्युंग गुंडांत घुसलेला पोलीस, अँडी लाऊ पोलिसांत घुसलेला गुंड. टोनीला सांगितलेलं असतं तीन वर्षं. मग आणखी तीन. मग आणखी. 'बस, हा एक प्रोजेक्ट संपू दे' असं आपल्याला सांगतात, अगदी तस्सं! स्कॉर्सेसीनं यावरून 'द डिपार्टेड' केला आणि 2007 मध्ये ऑस्कर नेलं. पण मूळ पिक्चरमधले टोनीचे ते थकलेले डोळे कुठून आणणार?

आता खरी गोष्ट.

2006 चा मार्च. आमच्या टीमच्या कॉमन आयडीवरून क्लायंटला रेट शीट गेली. चुकीची. मागच्या वर्षीचे रेट असलेली. पाठवली होती मी, रात्री अकरा वाजता, डोळ्यांवर झोप असताना. हे फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि शेजारच्या खुर्चीवरच्या पार्टनरला.

सकाळी मीटिंग. मॅनेजरनं विचारलं, "कोणी पाठवली?"

माझं कन्फर्मेशन त्याच महिन्यात होतं. घरी नुकताच लोनचा हप्ता सुरू झालेला. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिलो. चार सेकंद झाले असतील, पाच झाले असतील. आणि पार्टनरचा आवाज आला, "सर, मी. माझ्याकडून चुकलं."

मला तेव्हाही बोलता आलं असतं. मीटिंग आणखी वीस मिनिटं चालली. मी बोललो नाही.

त्याचं ऑनसाइट गेलं. रेटिंग घसरलं. रात्री रूमवर मी काहीतरी पुटपुटायला गेलो, तर तो म्हणाला, "सोड रे. तुझं कन्फर्मेशन आहे, माझं झालंय. कोणता पिक्चर लावू?" त्या रात्री काय बघितलं, मला अजिबात आठवत नाही. वर्षभरात तो नोकरी सोडून सांगलीला गेला, वडिलांच्या दुकानात. फोन यायचे. मग कमी झाले. मग दिवाळीचे मेसेज तेवढे राहिले.

या पिक्चरांची मोहिनी काय, तर बघताना आपण सगळे मार्क असतो. कोट आपला, काडी आपली, दोस्तासाठी गोळी खाणारा पायही आपलाच. तिकीट काढून शिंगचा रोल मागणारा प्रेक्षक मला अजून भेटायचाय. पण हिशेब करा की. एका ऑफिसात मार्क किती आणि शिंग किती? ज्याच्यासाठी दुसरं कुणी मागे थांबलं आणि जो वळून न बघता पळाला, असे किती? शिंग वाईट होता असं नव्हे. त्या रात्री तैवानमध्ये तो फक्त घाबरलेला होता. बाकीचं नंतर हळूहळू झालं.

ही काही गुंडांची आरती नाही. खऱ्या टोळ्यांत 'यी' शोधायला जाऊ नका. 1992 मध्ये हाँगकाँगचे नट आणि दिग्दर्शकच टोळ्यांच्या दादागिरीविरुद्ध रस्त्यावर मोर्चा घेऊन उतरले होते. जॉनी टोनं 2005 च्या 'इलेक्शन'मध्ये ती झूल साफ उतरवून ठेवली. त्यात एकदाही पिस्तूल चालत नाही. बंधुभावाच्या शपथा होतात, उदबत्त्या लागतात आणि शेवटी दगडानं डोकं फोडलं जातं. तो बघितल्यावर वाटतं, बाकीच्या पिक्चरमधली इमानदारी म्हणजे टोळीचं वर्णन नव्हेच. ती आपली मागणी आहे. खऱ्या आयुष्यात ज्यांच्याकडून मिळायला हवी, त्यांच्याकडून मिळत नाही, म्हणून कोट घातलेल्या गुंडाकडे मागितलेली.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री मी 'अ बेटर टुमॉरो' पुन्हा बघितला. मोठा टीव्ही, झकास प्रिंट, सबटायटल्सही शुद्ध. मार्क गाडी पुसताना आला. सवयीनं पॉज केलं. शेजारी कुणी नव्हतं.

साडेअकरा वाजले होते, तरी फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. दुकान, पोरांच्या शाळा, कृष्णेचं पाणी. मग मी एका दमात सगळं बोललो. रेट शीट, पाण्याची बाटली, ती वीस मिनिटं. आणि म्हटलं, "आपण दर शुक्रवारी त्या शिंगला शिव्या घालायचो ना, तो मीच निघालो बघ."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हसू. म्हणाला, "येड्या, शिंग तीन वर्षांत बॉस झाला होता. तू झालास का? नाही ना? मग झालं तर. झोप आता."

त्या मार्चनंतर दोन वर्षांतच मी टीम लीड झालो होतो. त्याला ते पक्कं माहीत होतं, कारण अभिनंदनाचा पहिला मेसेज त्याचाच आला होता.

'यी'चा अर्थ मी इतकी वर्षं सबटायटल्समध्ये शोधत होतो.