अख्खा देव्हारा

मी सुताराला भितो. घरात आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तो काहीतरी मोडायला सांगतो, आणि मोडायचे म्हटले की माझा जीव खालीवर होतो.

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही वाईचा वाडा सोडला. भिंतींना पोक आले होते आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई तिथे एकटी राहते, या विचाराने पुण्यात मला झोप येत नसे. ती यायला तयार झाली, पण एका अटीवर. देव्हारा जसाच्या तसा यायला हवा. हा सागवानी देव्हारा आजोबांनी माजघरातच सुतार बसवून करून घेतलेला. एक खिळा नाही. सारी कुसे आणि खिट्ट्या. तो कधी बाहेर न्यावा लागेल हे तेव्हा कुणाच्या मनातही आले नसावे. दार अडीच फुटांचे आणि देव्हारा तीन फुटांचा!

"सुटा करून देतो, साहेब. पुण्याला परत जोडून घ्या," सुतार म्हणाला.

"मुरलेलं लाकूड आहे ते," आई म्हणाली. "खिट्टी एकदा काढली की पुन्हा तशी बसत नाही. माणसाचंही तेच असतं." आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. ती केवळ देव्हाऱ्याबद्दल बोलत नव्हती, हे मला कळले. सुतारालाही कळले असावे, कारण त्याने मुकाट्याने विडी काढली.

माझी मुलगी हरितलवकांवर संशोधन करते. पानांना हिरवा रंग देणारे ते सूक्ष्म कण. ती सुटीवर आली होती. ती हसून म्हणाली, "बाबा, पेशीपुढेही हाच पेच असतो!" आणि कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढू लागली.

पेशीत तयार झालेली कितीतरी प्रथिने पटल ओलांडून पलीकडे जायची असतात. प्रत्येकाच्या टोकाला पत्त्याची चिठ्ठी असते. या कल्पनेसाठी ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जिवाणूंमध्ये बहुतेक प्रथिने 'सेक' नावाच्या वाटेने जातात. तिथले दार अरुंद, म्हणून प्रथिनाची घडी न घालता त्याला दोऱ्यासारखे ओवून पलीकडे काढतात. घडी पलीकडे गेल्यावर पडते. हा झाला आमच्या सुताराचा मार्ग.

पण काही प्रथिनांच्या पोटात लोखंड-गंधकाचे किंवा मॉलिब्डेनमचे जडावकाम असते. ते पेशीच्या आतच बसवावे लागते आणि त्याभोवती घडी घालावी लागते. असे प्रथिन उलगडले तर ते जडावकाम पलीकडे कोण बसवणार? त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, 'टॅट'. तिच्या चिठ्ठीवर आर्जिनिन या अमिनो आम्लाची जोडी शेजारीशेजारी असते. त्या दोन्हींच्या जागी लायसीन घातले तर बहुधा वाहतूक थांबते. अर्धवट घडीचा माल ही वाट सहसा घेत नाही.

"मग दार केवढं असतं?" मी विचारले.

"तीच तर गंमत आहे. कायमचं दार नसतंच!" पटल जाडीला जेमतेम चार-पाच नॅनोमीटर, आणि माल कधी सात नॅनोमीटर रुंद. एवढे भोक उघडे राहिले तर पटलाआडची सारी शक्ती गळून जाईल. म्हणून टॅट-बी आणि टॅट-सी चिठ्ठी वाचतात, आणि इकडेतिकडे विखुरलेली टॅट-ए नावाची लहान प्रथिने तिथे गोळा होतात. त्यांच्यामुळे तेवढ्यापुरते पटल पातळ होते असे दिसते. माल गेला की ती पुन्हा पांगतात. हरितलवकात या एका फेरीला सुमारे ८०,००० प्रोटॉन खर्ची पडतात, असा हिशेब २००३ साली मांडला गेला. म्हणजे हमाली महागच! पण पाण्यातून ऑक्सिजन सोडणाऱ्या यंत्रणेची दोन प्रथिने याच वाटेने जातात. १९९७ साली मक्यात या वाटेचे एक जनुक ओळखले गेले. ते बिघडलेली रोपे दाण्यातली शिदोरी संपली की मरतात.

आई केव्हा दारात येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. "जिवाणूत आणि पानात एकच रीत कशी गं?" तिने विचारले.

"आजी, हरितलवक म्हणजे फार फार पूर्वी दुसऱ्या पेशीत राहायला आलेले जिवाणूच. घर बदललं, पण जुन्या घरची रीत सोडली नाही."

आई काही बोलली नाही. पण संध्याकाळी तिनेच आळीत निरोप धाडला.

माजघर आणि ओटी यांमधली भिंत फळ्यांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाबाराजण आले. सुताराने खाचेतून फळ्या एकेक वर सरकवल्या, प्रत्येकाने एकेक धरून ठेवली, आणि देव्हारा अख्खाच्या अख्खा, अंगावर ओरखडाही न येता, बाहेर आला. फळ्या परत बसल्या. चहा झाला आणि मंडळी पांगली.

टेंपो सुटण्यापूर्वी आईने नातीला विचारले, "त्या चिठ्ठीचं पुढं काय होतं गं?"

मुलगी घुटमळली. मग खरे तेच बोलली, "पलीकडे पोचल्यावर ती कापून टाकतात, आजी."

आईने मान हलवली. वाड्याची किल्ली तिने पदराच्या गाठीतून सोडली आणि माझ्या हातात दिली. मग पुढच्या सीटवर बसली, आणि सुरूर येईपर्यंत मागे वळून देव्हाऱ्याची दोरी घट्ट आहे ना, एवढेच विचारीत राहिली.