इष्टे साका?

आईची वही माझ्याबरोबर कर्नाटकातल्या सरगूरला आली ती चुकून. लेक इथल्या रुग्णालयात डॉक्टर आहे. पावसाळ्याचे दोन महिने तिच्याकडे काढावेत म्हणून बॅग भरली, आणि चादरींच्या घड्यांत ती वही तशीच राहून गेली. लाल पुठ्ठ्याची, दुकानातली जुनी खतावणी. आधीच्या पानांवर कुणाकुणाची उधारी आणि पुढच्या पानांवर खळीनं चिकटवलेली शिवणाची चित्रं. बहुतेक 'स्त्री' मासिकातली. आई अंक वाचून झाला की शिवणाचं पान कात्रीनं कापून ठेवायची आणि मग उरलेला अंक शेजारी फिरायचा. शेजारणींच्या वाट्याला कथा यायच्या, पोलकी आमच्याकडे.

त्यातलं एक पान मी इथे आल्यापासून रोज बघते. पाठमोरी बाई. मानेवर अंबाडा, तोही एकाच वळणात काढलेला. तिथून खांद्यापर्यंत उतरणारी रेघ, आणि पुढे कोपराच्या जरा वर थांबलेली बाही. चेहरा नाही, दागिना नाही, मागे खुर्ची-खिडकी काही नाही. रेघ खांद्याशी बारीक आहे, पाठीच्या खोलगट भागात किंचित जाड होते, आणि तेवढ्यानं कापड अंगाला कुठे लागतं, कुठे सुटतं ते कळतं. बाजूला कापायचा नमुना: घडीच्या जागी तुटक रेघ, मुंढ्याचा बाक, उंची १४, छातीचा चौथा भाग अधिक एक इंच. संपलं.

मी पुण्यात मासिकांची पानं लावण्यात तीस वर्षं घालवली. त्यामुळे असं पान दिसलं की आधी हिशेब सुचतो, सौंदर्य नंतर. तो हिशेब असा. खिळ्यांच्या छपाईत फोटो छापायचा तर हाफटोन ब्लॉक करावा लागे, त्याचे पैसे चौरस इंचावर मोजले जात. शिवाय आतला कागद हलका, खरखरीत. त्यावर बारीक ठिपक्यांत शाई भरायची आणि सुंदर बाईच्या जागी काजळीचा डाग उमटायचा. रेघेचा जस्ताचा ब्लॉक स्वस्त, आणि तो कसल्याही कागदावर स्वच्छ उठे. तेव्हा आईच्या पानावरचा साधेपणा हा कुणाचा कलाविचार असेलच असं नाही. तो जस्ताचा भाव होता. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आलं, अंक रोडावले. मग तर रेघसुद्धा जपून वापरावी लागली असेल.

पश्चिमेकडे नेमकं उलटं. अलेक्सी ब्रोडोव्हिच नावाचा रशियातून पॅरिसमार्गे अमेरिकेत गेलेला माणूस १९३४ ते १९५८ 'हार्पर्स बझार' या फॅशन मासिकाचा कला-संपादक होता. समोरासमोरची दोन पानं मिळून एकच चित्र समजायचं, एका कडेला बाई उभी करायची आणि बाकी सगळं कोरं सोडायचं, ही त्याची रीत. त्याचाच विद्यार्थी छायाचित्रकार अर्व्हिंग पेन. त्यानं १९५० साली पॅरिसमध्ये एका नाटकगृहाचा जुना पडदा मागे लावला, खिडकीतला उजेड घेतला आणि त्या पडद्यापुढे त्या वर्षीचे झगे उभे केले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये 'व्होग'च्या मुखपृष्ठावर त्यानं टिपलेली मॉडेल जीन पॅचेट काळ्या-पांढऱ्यात आली, रंगाचे सगळे पैसे खिशात असताना. मला ही चित्रं फार आवडतात. पण कोरं पान हा तिथे थाट असतो, हे विसरून चालत नाही. ज्याच्याकडे कागद मुबलक, तोच कागद मोकळा सोडतो.

आमच्याकडे मोकळी जागा सोडणं म्हणजे काम अर्धवट ठेवणं. मी एकदा एका लेखाखाली चार बोटं जागा मुद्दाम राखली होती. संपादकांनी चष्मा वर केला, "इथे काही यायचंय का?" नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं तिथे एक विनोद बसवला आणि वर वेलबुट्टी. अंक आला तेव्हा तो विनोद लोकांना आवडला, हे आणखी वर.

दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर मी इथे बोलत नाही. दीनानाथ दलालांची 'दीपावली' हातात आली की रंगांनी जीव हरखून जायचा, आणि ते हवंच होतं. पण मुखपृष्ठावरच्या बाईसारखं नेसून कुणी पाणी भरायला जात नसे. आतल्या पानावरची पाठमोरी बाई मात्र उद्या सकाळी आपल्याच घरात वावरणार, असं वाटायचं. तिला चेहरा नव्हता म्हणूनच असेल. ज्याला त्याला आपला चेहरा बसवता यायचा. आईनं तर काही चित्रांखाली पेन्सिलीनं मावश्यांची नावं लिहून ठेवली आहेत.

ऑक्टोबर १९२६ मध्ये 'व्होग'नं शानेलचा एक काळा पोशाख छापला आणि त्याची तुलना फोर्ड मोटारीशी केली: सगळं जग तो घालेल. तो ज्यामुळे जगात गाजला, तोही फोटो नव्हता, साधं रेखाचित्रच होतं. त्यानंतर चारच वर्षांनी, १९३० साली, किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' काढलं. शंकरराव स्वतः चित्रकार. पॅरिसचा झगा आणि सांगलीकडचं पोलकं यांचा संबंध जोडायचा माझा मुळीच हट्ट नाही. पण शिवणारीला नुसती रेघच पुरते, हे दोन्हीकडे ठाऊक होतं.

तर झालं असं, की लेकीनं म्हैसूरला जाऊन रेशमी साडी घेतली. नाल्वडी कृष्णराज वडियारांनी १९१२ साली सुरू केलेल्या कारखान्याची जी ओळख होऊन बसली आहे, तशीच: अंगभर एकच रंग, बुट्टा नाही, वेल नाही, फक्त काठाला जर. अशी साडी घेतल्यावर पोलक्याचा प्रश्न आला. बसस्थानकापाशी एक वयस्क शिंपी बसतात. दुकान म्हणजे पायाचं मशीन, एक बाक आणि भिंतभर पोलक्यांच्या पाठींचे रंगीत तक्ते: नाड्या, लटकन, मणी, जाळी, मोराच्या आकाराचं भोक. त्यांनी एकेक दाखवलं. मी दरवेळी मान हलवली. शेवटी पिशवीतून वही काढून पुढे ठेवली.

त्यांना मराठी येत नाही, मला कन्नड येतं ते बाजारापुरतं. देवनागरी आकड्यांवर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी "हदिनाल्कु" म्हटलं. बाकी काही विचारलं नाही. तुटक रेघ म्हणजे घडी, हे मी सांगण्याआधीच त्यांनी वही आडवी धरून हातानं हवेत घडी घालून दाखवली. मग अंबाड्यापासून बाहीपर्यंत नखानं रेघ फिरवली, अगदी सावकाश, चित्रकारानं फिरवली असेल तशी. आणि तक्त्यांकडे एकदा बघून मला विचारलं, "इष्टे साका, अम्मा?" एवढंच पुरे?

कन्नडमधला हा 'साकु' मला फार आवडतो. पंगतीत पानावर आडवा हात धरून लोक तोच शब्द म्हणतात. त्यात उणं काही नसतं. पोट भरलेलं असतं. आपलं 'पुरे' कधीकधी वैतागानंही निघतं, 'साकु'त मला अजून तरी तो सूर ऐकू आलेला नाही. मी म्हटलं, "साकु."

पोलकं चौथ्या दिवशी मिळालं. मुंढा एका बाजूला जरासा ओढतो, त्याला माझा जुना नमुना कारण की त्यांचं मशीन, हे मी शोधत बसले नाही. बाही नेमकी चित्रात थांबते तिथे थांबली आहे. त्यांनी झेरॉक्स मागितली होती, ती दिली. आता ती पाठमोरी बाई मोराच्या भोकाशेजारी टाचणीनं टोचून ठेवली आहे.

पुण्याला परतल्यावर त्या पानाचा मूळ अंक शोधायचा आहे. चित्रावर सही नाही, आईनं महिना-साल कापून टाकलं, आणि पाठीमागे आहे ती केसांच्या तेलाची अर्धी जाहिरात. जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांत आतापर्यंत बघितलं तेव्हा शिवणाच्या जागी बहुधा कात्रीचं चौकोनी भोकच सापडलं. तुमच्या माळ्यावर असे भोकं पडलेले अंक असतील तर ते रद्दीत घालू नका. आणि कुणा आजीच्या ट्रंकेत ती कापलेली पानं असतील, तर आधी त्यांची चौकशी करा.