डावा तळहात

धुळ्यातल्या एका वरातीत ड्रमवाल्याच्या डाव्या हातावर नजर अडकली. माणूस साठीपुढचा. खांद्यावरून पट्टा, ड्रम डाव्या मांडीवर टेकलेला आणि उजवीकडे कललेला. उजव्या हातात काडी हातोडीसारखी. डाव्या हातातली मात्र तळहात आभाळाकडे करून, अंगठ्याच्या बेचक्यात धरलेली. कललेल्या ड्रमवर डावा हात वरून आणायचा तर दर ठोक्याला कोपर उचलावं लागतं. तळहात उलटा केला की नुसतं मनगट फिरवून भागतं. पायी चालणाऱ्या पलटणींच्या बँडची ही युक्ती. झालरीचा कोट आणि टोपीही तिथूनच लग्नात आली.

*

रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा ड्रमवाला चार्ली वॉट्स हीच पकड वापरायचा. त्याचा ड्रम स्टँडवर, जवळजवळ सपाट. चालायचं कुठेच नव्हतं. तरी डावा तळहात वरच. जॅझ ऐकत वाढलेला, आणि जॅझवाल्यांना ही पकड बँडवाल्यांकडून मिळालेली. जानेवारी १९६३मध्ये तो स्टोन्समध्ये आला आणि २४ ऑगस्ट २०२१ला, ऐंशीव्या वर्षी वारला, तोवर तिथेच होता. अठ्ठावन्न वर्षं! मध्ये २००४मध्ये घशाचा कॅन्सर झाला, उपचार घेऊन परत स्टुलावर बसला.

त्याची एक सवय ऐकण्यासारखी आहे. डावी काडी ड्रमवर पडताना उजवा हात झांजेवरून उचलला जायचा. दोन्ही आवाज एकमेकांवर चढत नाहीत. ठोक्याला मोकळी जागा मिळते. एवढ्या गर्जणाऱ्या बँडमध्ये इतकी वर्षं टिकलेला माणूस मधूनमधून न वाजवण्यावर टिकला, असं मला मनापासून वाटतं.

*

पूर्वी मोठा ढोल एकाचा, छोटा ड्रम दुसऱ्याचा, झांज तिसऱ्याची. अमेरिकेत विल्यम लुडविगने १९०९मध्ये ढोलासाठी पायाने दाबायचं जलद पेडल काढलं. असल्या पेडलांमुळे तिघांचं काम एका बसलेल्या माणसाकडे आलं. तोच ड्रमसेट. रॉकचा सगळा डोलारा त्या पेडलावर उभा आहे. जळगाव-धुळ्याच्या जुन्या बँडमध्ये मात्र ड्रमसेट अजून सुटाच आहे. तीन माणसं, सहा पाय, आणि मे महिन्याचं पंचेचाळीस अंशांचं ऊन.

*

ड्रमसेट वाजवणारे रणजित बारोट मुंबईचे. आई सितारादेवी, कथकच्या. बारोट यांनी गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनबरोबर जगभर ड्रम वाजवले. त्यांचं वाजवणं ऐकताना हात आधी बोल म्हणतात आणि मग ठोका पडतो, असा भास होतो. घरात घुंगरू असले की असं होत असेल.

*

चामड्याचं तोंड असलेलं वाद्य उन्हाळ्यात ताणलं जातं, पावसाळ्यात सैल पडतं. डफवाले कागद पेटवून डफ शेकतात ते यासाठीच. १९५७च्या सुमारास प्लास्टिकची तोंडं आली आणि ड्रमवाल्यांची ही काळजी मिटली. आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीची मिरवणूक मात्र नेमकी श्रावणात, ओल्या हवेत. चामड्याच्या वाद्याची खरी परीक्षा तिथे.

*

आता वरातीत गाडी असते. तिच्यावर कीबोर्ड, भोंगे आणि ऑक्टोपॅड. रोलँड कंपनीने हे यंत्र १९८५मध्ये आणलं. आठ चौकोन, काडी मारली की हवा तो आवाज. ढोलाचाही, ताशाचाही. वाजवणारी पोरं तयारीची आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. गुडघे वाचतात, सुपारीही चांगली मिळते. पण चौकोन सपाट आहेत, कलते नाहीत. दोन्ही तळहात खाली.

*

धुळ्याच्या त्या वरातीत ‘भो, अजून एक!’ म्हणत पोरांनी ड्रमवाल्याला मांडवाच्या दारात अर्धा तास थांबवलं. त्याने वाजवलं. मग पट्टा उतरवून ड्रम भिंतीला टेकवला आणि पाणी मागितलं. पेला उजव्या हाताने घेतला. डाव्या हाताची बोटं तशीच वळलेली होती, काडी नसतानाही.

*

येत्या श्रावणात, कानबाईच्या सोमवारी, पांझरा नदीच्या काठी जायचं आहे. किती डावे तळहात अजून वर आहेत, मोजायचे आहेत.