माशांचीही पत्रिका पाहावी लागते

मैत्रिणींनो, घरात लग्नाची मुलगी असली की आपण केवढ्या चौकशा करतो! माणसे कशी आहेत, घर केवढे आहे, स्वभाव जुळतील का. पण मुलांचा हात धरून माशांच्या दुकानात शिरलो की सगळा विचार बाहेरच राहतो. "हा लाल द्या, तो पट्ट्यापट्ट्यांचा द्या, आणि तो चपटासुद्धा!" दहा मिनिटांत चार स्वभावांचे, चार पाण्यांचे मासे एका पिशवीत बसून घरी येतात.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात असेच झाले. दहा निऑन टेट्रांबरोबर दोन इंचांचा एक ऑस्कर आला. दुकानदार म्हणाला, "लहान आहे, राहील." ऑस्कर लहान होता हे खरे, पण तो लहान राहणार नव्हता. काही महिन्यांत तो हाताएवढा झाला आणि टाकीत एकही निऑन उरला नाही. शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा रडवेल्या तोंडाने माझ्याकडे आला. "काकू, तो वाईट आहे का हो?" मी म्हटले, "नाही रे राजा. तोंडात मावेल ते खायचे, एवढेच त्याला ठाऊक." त्याला ते पटले की नाही कोण जाणे, पण त्या दिवसापासून कुणीही टाकी घ्यायची म्हटले की मी आधी त्यांना बसवून चार गोष्टी सांगते. त्याच आज तुम्हाला सांगते आहे.

एंजल, ऑस्कर, डिस्कस, रॅम हे सगळे सिक्लिड कुळातले. मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉन, ओरिनोको अशा नद्यांच्या खोऱ्यांतले. हे कूळ भांडखोर म्हणून बदनाम आहे, पण त्याचे कारण ऐकाल तर तुम्हाला राग येणार नाही. बहुतेक मासे अंडी टाकतात आणि मोकळे होतात. सिक्लिड तसे करत नाहीत. एंजलची जोडी रुंद पान निवडते, ते तोंडाने स्वच्छ करते आणि अंडी घातल्यावर दोघेही आळीपाळीने पंखांनी वारा घालत राखण करतात. डिस्कसची पिल्ले तर सुरुवातीला आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. असे पोटच्या पोरांना जपणारे आईबाप शेजाऱ्याला दाराशी फिरकू देतील का? म्हणून भांडण होणारच, हे धरूनच जागा आणि शेजारी ठरवायचे.

पत्रिकेत तीन घरे पाहावीत. पहिले मापाचे. मासा आज केवढा आहे ते विचारू नका, पुरा वाढल्यावर केवढा होईल ते विचारा. रॅम दोन-अडीच इंचांचा, कीहोल चार इंचांचा, एंजल सहा इंचांचा आणि पंखांमुळे त्याहून उंच, सेव्हरम आठ इंचांचा, ऑस्कर फूटभर! निऑन जेमतेम दीड इंचाचा, तेव्हा मोठा झालेला एंजलसुद्धा त्याला गिळतो. दुसरे घर स्वभावाचे. एंजलबरोबर टायगर बार्ब ठेवू नये, तो त्याचे लांब पंख कुरतडतो. आणि तिसरे घर पाण्याचे. हे मासे मऊ, किंचित आम्लधर्मी आणि कोमट पाण्यातले. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे पिवळे-निळे सिक्लिड दुकानात शेजारीच दिसतात, पण त्यांना जड, अल्कधर्मी पाणी लागते. दोघांना एकत्र करू नये. तुमच्या घरचे पाणी कसे आहे हे कुकरच सांगेल. आत पांढरा थर धरत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड. अशा बोअरच्या पाण्यात डिस्कसचा हट्ट नको. दुकानांतले एंजल बहुधा टाक्यांतच जन्मलेले असतात, ते बरेच सोसतात.

आता प्रत्यक्ष निवड. दोन फुटी टाकी असेल तर मोठ्यांचा मोह सोडा. रॅमची एक जोडी आणि आठ-दहा लहान टेट्रा, बस्स! किंवा अॅपिस्टोग्रामा जातीचा एक नर आणि दोन माद्या. प्रत्येक मादीला स्वतंत्र खोली हवी. त्यासाठी नारळाची करवंटी घ्या, किशी खरवडून काढा, पाण्याला रंग सुटेनासा होईपर्यंत उकळा आणि कडेला दारापुरती खाच पाडून उपडी ठेवा. दोघींची तोंडे दोन दिशांना असू द्या. मादी एकदम हळदीसारखी पिवळी झाली, की अंडी घातली असे समजा.

टाकी ३६ इंच लांब, १८ इंच रुंद, १८ इंच उंच असेल तर एंजल आणा. रुपयाएवढी पाच-सहा पिल्ले एकत्र वाढवा, जोडी त्यांची ती जमवतील. जोडी जमली की उरलेले दुकानदाराला परत देण्याचे आधीच ठरवून ठेवा. सोबतीला लेमन टेट्रांचा थवा, तळाशी पाच-सहा कॉरी आणि एखादी कीहोलची जोडी. कीहोल इतका भिडस्त, की घाबरला तर रंगच उतरतो. या टाकीत सुमारे १७५ लिटर पाणी राहते. काच, वाळू धरून वजन दोनशे किलोंच्या वर जाते. तेव्हा स्टँड मजबूत हवा. ऑस्करला मात्र निदान चार-पाच फुटी टाकी आणि सोबत फार तर सेव्हरम. फ्लॉवरहॉर्न कुठल्याच नदीतला नाही. तो १९९०च्या दशकात मलेशियात माणसांनी संकर करून घडवला. त्याला एकट्यालाच ठेवावे.

मासे आणण्याआधी फिल्टर लावून टाकी चार-सहा आठवडे चालू द्या, रोज चिमूटभर खाद्य टाका. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू तेवढ्या काळात तयार होतात. हीटर २७ अंशांवर ठेवा. पुण्या-नाशिकची डिसेंबरची रात्र या माशांना सोसत नाही. आधी टेट्रा आणि कॉरी, मग सिक्लिड. आधी आलेला सिक्लिड सगळी टाकी आपलीच समजतो. आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढूनच.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. मासा मोठा झाला, आवरेना, तर "सोडून देऊ तळ्यात, पुण्य लागेल" असे घरातले कोणी म्हणेल. सोडू देऊ नका! टाकी साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासाही दक्षिण अमेरिकेतलाच. तो उजनीच्या जलाशयात कोळ्यांच्या जाळ्यांत येऊ लागल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, गावचे मासे मागे पडतात. आपली हौस दुसऱ्याच्या पोटावर येऊ नये.

शेजारचा ऑस्कर मोठी टाकी असलेल्या एका गृहस्थांकडे दिला. मुलाने नव्या टाकीसाठी यादी केली आहे. प्रत्येक माशापुढे पुरी वाढ किती इंच ते लिहिले आहे. तुम्हीही दुकानात जाण्याआधी अशी यादी करा, आणि ती मुलांकडूनच करून घ्या.