नात्याचा रकाना



अर्ज भरण्याचा त्रास आपल्यापैकी कोणालाच चुकलेला नाही. जन्मदिनांक, पिनकोड, आधार क्रमांक हे सारे आपण निमूटपणे भरतो. पेन थबकते ते ‘अर्जदाराशी नाते’ या रकान्यापाशी. भाषेच्या अभ्यासकाला मात्र हा रकाना फार काही शिकवून जातो.

माझे घर बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडचे. आम्ही भावंडे वडिलांना ‘अण्णा’ आणि आईला ‘वहिनी’ म्हणत असू. शाळेतील सोबती विचारीत, “तुझी आई तुझी वहिनी कशी रे?” उत्तर घराच्या रचनेत होते. एकत्र कुटुंबात धाकटे चुलते वडिलांना अण्णा आणि आईला वहिनी म्हणत. मुलाच्या कानावर तेच पडे. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या मुलाचे कौतुक करणे तरुण आईबापांना संकोचाचे वाटे, त्यामुळे ‘मला बाबा म्हण’ असे शिकवणारेही कोणी नसे. गंमत अशी, की कन्नडमध्ये ‘अण्ण’ म्हणजे थोरला भाऊच. शब्द चुलत्यांच्या तोंडी अगदी योग्य होता. आमच्या तोंडी येताच त्याचा अर्थ ‘वडील’ झाला.

याहून मोठे कोडे माझ्या भावजयीचे. ती अण्णांना ‘मामा’ आणि आईला ‘आत्या’ म्हणे. लग्नापूर्वी या दोन घरांत कोणतेही नाते नव्हते. मग हे शब्द आले कुठून? मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक जातींत होती. मुलीच्या बाजूने पाहिले, तर ती आत्याच्या घरी जाई. सासू ही आत्याच असे, आणि आत्याच्या यजमानांना आमच्या भागात मामाच म्हणतात. पुढे परक्या घरी दिलेल्या मुलीही हेच शब्द वापरू लागल्या. कन्नडमधील ‘माव’ आणि ‘अत्ते’, तेलुगूतील ‘माम’ आणि ‘अत्त’ हे शब्द आजही मामा व सासरा, आत्या व सासू अशा दोन्ही अर्थांनी चालतात. हिंदीत मात्र मामा वेगळा आणि ससुर वेगळा. मराठीने दोन्हीकडचे ठेवले: कोणाविषयी बोलताना ‘सासरे’, हा संस्कृत ‘श्वशुर’चा वारसा, हाक मारताना ‘मामा’, ही दक्षिणेची रीत. इरावती कर्वे यांनी भारतातील आप्तसंबंधांवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात महाराष्ट्रातील नातेव्यवस्थेत उत्तर आणि दक्षिण यांचा संगम दाखवला आहे. तो संगम आमच्या स्वयंपाकघरात रोज ऐकू येई.

भाषाशास्त्रात अशा शब्दांचे दोन वर्ग मानतात: निर्देशवाचक आणि संबोधनवाचक. हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. अण्णांना एका रात्री अचानक रुग्णालयात न्यावे लागले, तेव्हा सोबत भावजय एकटीच होती. संमतिपत्रावर नात्याच्या रकान्यात तिने लिहिले, ‘मामा’. सकाळी तेथील कर्मचाऱ्याने कागद परत केला. “मामांना मुलं नाहीत का? जवळच्या माणसाची सही लागते.” ती म्हणाली, “मीच हाये की जवळची.” परगावी गेलेला भाऊ पोहोचेपर्यंत दुपार झाली आणि शस्त्रक्रिया तितकी लांबली. अण्णा त्यातून उठले, हे आमचे भाग्य. ज्या सुनेने त्यांचे पथ्यपाणी वर्षानुवर्षे सांभाळले, ती त्या कागदावर दूरची भाची ठरली होती. तिचा शब्द खरा होता; रकान्याला मात्र निर्देशवाचक शब्द हवा होता आणि तसे त्या रकान्यात कोठेही लिहिलेले नव्हते.

तुम्ही घर, शेती, नोकरी सांभाळून शिकता. घरातील थोरांचे अर्ज बहुधा तुमच्याच पुढ्यात येत असतील. तेव्हा एक वही घ्या आणि तिच्यात दोन रकाने आखा. एकात घरातील प्रत्येकाला तुम्ही काय हाक मारता ते लिहा, दुसऱ्यात कागदावर काय लिहावे लागते ते. दोहोंत जेथे तफावत दिसेल, तेथे घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारा, की ही हाक प्रथम कोणी मारली? हे सांगू शकणारी माणसे प्रत्येक घरात थोडीच उरलेली असतात. स्वाध्याय पुढे ढकलता येईल. हा प्रश्न मात्र या सुट्टीतच विचारा.